हिरड्याच्या वड्यांचे पेटंट

चूक नारायणची होती. नारायण म्हणजे प्रस्तुत लेखकच, हे आधी कबूल केलेले बरे. नाहीतर वाचक सगळा दोष आनंदराव पोतनिसांच्या माथी मारतील, आणि त्या माथ्यावर आधीच पुष्कळ भार आहे.

१९३८ सालच्या माघात भोरला शेतकी आणि उद्योगांचे प्रदर्शन भरले. आनंदराव त्या वेळी संस्थानच्या खर्चाने चालणाऱ्या रसायनशाळेचे प्रमुख होते. ‘प्रमुख’ हा शब्द भारदस्त आहे खरा, पण शाळा म्हणजे घोड्यांच्या पागेला लागून असलेल्या दोन खोल्या, आणि प्रमुखांच्या हाताखाली माणसे दोन: नारायण हा कारकून आणि कोंडिबा हा पट्टेवाला. तराजू सोनाराकडून मागून आणलेला. पाणी नीरेचे, कोंडिबाच्या खांद्यावरून येणारे.

प्रदर्शनासाठी वरून हुकूम आला की प्रत्येक दालनात ‘जनतेस समजेल असा’ खुलाशाचा फलक लावावा. आनंदराव नेमके काचेच्या नळ्या आणायला पुण्याला निघाले होते. वहाणा सरकवता सरकवता म्हणाले, “नारायण, ‘हिरड्याच्या अर्काच्या वड्या’ एवढंच लिही. बाकीचं आल्यावर बघू.”

पण फलक चांगला सहा फूट उंच. त्यावर तीन शब्द म्हणजे भल्या मोठ्या ताटात चिमूटभर मीठ वाढल्यासारखे दिसायला लागले. नारायणचे अक्षर वळणदार, आणि वळणदार अक्षराला जागा रिकामी बघवत नाही. त्याने प्रयोगांची वही काढली आणि सगळी कृती फलकावर उतरवली. हिरडा किती, पाणी किती, जाळ कसा, वेळ किती, भांडे कसले, निवळ कधी ओतायची, वड्या कशावर वाळवायच्या, काही म्हणून ठेवले नाही. कडेने वेलबुट्टी काढली. मग लक्षात आले की बघायला येणाऱ्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नाही. तेव्हा हातात वेताची छडी घेऊन त्याने ते मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चारदा. तिसऱ्या दिवसापर्यंत आवाज बसला होता आणि वेल्ह्याकडची माणसे “पुन्यांदा म्हना की मास्तर” म्हणत समोर फतकल घालून बसत होती.

आनंदराव परतले, फलकापुढे उभे राहिले, आणि म्हणाले, “वेलबुट्टी छान आहे.” त्यांनाही तेव्हा काही कळले नव्हते.

आनंदरावांना ओळखायचे तर त्यांना जेवताना पाहावे. अर्ध्या भाकरीला उठून ते मागच्या पडवीत जाऊन यायचे, कारण तिथे कसलेतरी मडके मंद जाळावर असायचे. शुभाताई, त्यांच्या पत्नी, एकदा म्हणाल्या होत्या, “ह्यांच्याशी लग्न लागलं तेव्हा सप्तपदीत हे आठ पावलं चालले असतील. थांबायचं कुठे हे ह्यांना कळतच नाही.” चालायला लागले की नदीच्या घाटापर्यंत, घाटावर पोचले की परत. खुर्चीवर बसले तर एक पाय सतत हलता. दरबाराच्या शिष्यवृत्तीवर पुण्याला बी.एस्सी. झाले. तिथल्या कॉलेजात गॅसची शेगडी आणि काचेच्या पेटीतला तराजू पाहिला, आणि त्या तराजूने त्यांचे मन जे नेले ते परत आणलेच नाही. भोरच्या दोन खोल्यांत काम करताना डोक्यात कायम तो तराजू झुलत असायचा.

तरी काम झाले, आणि चांगले झाले. आपल्या डोंगरात हिरडा उदंड. कातडी कमवायला लागतो म्हणून मुंबईला जातो. पण पोत्यात तो जातो तेव्हा बियांचे आणि सालपटाचे ओझेही बरोबर जाते, वाटेत दव लागून काळा पडतो, आणि काळा पडला की व्यापारी भाव पाडतो. आनंदरावांनी दोन वर्षे खपून त्याचा अर्क आटवला आणि त्याच्या घट्ट, पिवळट तपकिरी वड्या पाडल्या. पोत्याचा सगळा जीव एका टोपलीत मावायला लागला. ना बुरशी, ना काळेपणा. शेळ्यांची कातडी वेल्ह्याच्या एका चांभाराकडे त्या वड्यांनी कमावून पाहिली, तर तो म्हणाला, “सायेब, जोडा फाटल पन चामडं न्हाई.”

फाल्गुनात मुंबईहून एक गृहस्थ मोटारीने आले. कातड्याच्या मालाची मोठी कंपनी. त्यांनी वडी हातात घेतली, चाटून पाहिली, तोंड वाकडे केले, आणि खूश झाले. बोलणे सरळ केले. आनंदरावांनी या रीतीचे पेटंट घ्यायचे, ते कंपनीच्या नावे करून द्यायचे, आणि मुंबईला कंपनीच्या प्रयोगशाळेत यायचे.

“वीज आहे?” आनंदरावांनी विचारले.

“पंखेसुद्धा आहेत.”

“तराजू?”

“जर्मन. काचेच्या पेटीत.”

आनंदरावांचा पाय हलायचा थांबला. नारायणने तो थांबलेला पहिल्यांदाच पाहिला.

“पण हे काम दरबाराच्या पैशाने झालं,” आनंदराव म्हणाले.

“त्याची चौकशी मी केली आहे. तुमच्या नेमणुकीच्या कागदात शोधाविषयी एक अक्षर नाही. जे कागदात नाही ते तुमचं. शिवाय तुमच्या उद्योग खात्याच्या अंमलदारांशी बोललो. संस्थानला थोडा हिस्सा मिळाला तर त्यांना आनंदच आहे. रसायनशाळेवर खर्च होतो, तो कधीतरी परत यायला नको का?”

“आणि इथल्या लोकांनी वड्या केल्या तर?”

“कशाला करतील? त्यांनी हिरडा आणावा, आपण वड्या करू. कुणी केल्याच, तर नोटीस.” हे त्यांनी ‘पान खाणार का’ विचारावे इतक्या सहज सांगितले.

पुढे त्यांच्या वकिलाचे पत्र आले, आणि चूक उघडी पडली. पत्रात विचारले होते: ही कृती आजवर कुठे छापली, सांगितली किंवा दाखवली आहे काय? अर्ज कलकत्त्याच्या पेटंट कचेरीत पोचण्याआधी एखादी रीत लोकांपुढे आली, तर ती नवी राहत नाही. प्रदर्शनात मांडायची असली तर तसे आधी कळवून ठेवावे लागते.

आनंदरावांनी पत्र दोनदा वाचले. मग नारायणकडे पाहिले. नारायण टाकाचे निब पुसत होता. ते पुसायची काही गरज नव्हती.

“किती वेळा वाचून दाखवलंस?”

“मोजलं नाही, साहेब.”

“अंदाजे.”

“चाळीसेक वेळा.”

आनंदराव एवढेच म्हणाले, “तुझं अक्षर वाईट असतं तर बरं झालं असतं.” आणि घाटाकडे चालायला लागले.

त्या दिवसापासून त्यांना झोप म्हणून लागेना. शुभाताईंनी मनातल्या मनात गिरगावात बिऱ्हाड थाटले होते. कुठल्या खिडकीत तुळस ठेवायची तेही ठरले होते. मुंबईचे गृहस्थ दुसऱ्यांदा आले ते हसत. “फलकाचं ऐकलं. घाबरू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापुढे फलक लावला काय आणि न लावला काय. ऐकून कोण लक्षात ठेवतो? सोमवारी मी येतो, तुम्ही एका कागदावर सही करा: या रीतीचा पहिला आणि खरा शोधक मी, आणि माझ्या माहितीप्रमाणे ती कुठेही वापरात नाही. बस्स.”

“माझ्या माहितीप्रमाणे,” आनंदराव पुटपुटले.

“हां. तुमच्या माहितीप्रमाणे.”

दुसरा एखादा असता तर त्याने माहिती न वाढवता सोमवारची वाट पाहिली असती. आनंदरावांना तेच जमेना. प्रयोग करणाऱ्याची खोड वाईट. बघितल्याशिवाय त्याला लिहिता येत नाही. शुक्रवारी सकाळी त्यांनी सायकल प्रवासी मोटारीच्या टपावर चढवली, नसरापूरला उतरवली आणि वेल्ह्याचा रस्ता धरला. कोंडिबा तिकडचाच, तो बरोबर होता, सायकलच्या मागच्या बैठकीवर, आणि चढ आला की उतरून ढकलायला. पुढचे जे सांगतो ते कोंडिबाने सांगितलेले आहे. त्याने ते तीनदा सांगितले आणि दर वेळी चढ थोडा वाढवला, तो मी कमी केला आहे.

मनात एकच धाकधूक: कुणी वड्या करत नसेल तर बरे. मग सही खरी होईल. मार्गासनीला चहा प्यायले तिथे विचारले, कुणाला काही माहीत नाही. आनंदरावांचा चेहरा उजळला. पुढच्या गावी विचारले, तिथेही नाही. पायडल जोरात फिरायला लागले.

“सायेब, लई खुशीत हायसा,” कोंडिबा मागून म्हणाला.

“वारा चांगला आहे.”

“वारा तर समोरून हाय.”

तोरण्याच्या पायथ्याला एक वाडी आहे; कामाच्या सुरुवातीला आनंदराव हिरडा बघायला तिथे येऊन गेले होते. तिच्या अलीकडेच आनंदरावांच्या नाकाला तो वास आला. तुरट, गोडूस, थोडा ओल्या लाकडाचा. दोन वर्षे रोज घेतलेला वास. त्यांनी सायकल थांबवली.

ठकुबाईंच्या खळ्यात पाच मडकी दगडांवर मांडलेली होती. साठीच्या आतबाहेरची बाई, कपाळावर घाम, हातात लाकडी पळी. शेजारी दोन बायका हिरडा ठेचत होत्या. कुडाच्या सावलीत पळसाच्या पानांवर वड्या वाळत पडल्या होत्या. आनंदरावांनी त्या मोजल्या नाहीत. पण खूप होत्या.

“या, हिरडा-सायेब,” ठकुबाई म्हणाल्या. “आला व्हय बगायला? बसा. त्या गोनपाटावर नका बसू, ते ओलं हाय.”

“हे कुणी शिकवलं?”

“तुमच्या नारायणानं. भोरला जत्रंत.”

“जत्रा नव्हती ती, प्रदर्शन होतं.”

“व्हय, तीच. लई ग्वाड आवाज हाय पोराचा. पर त्यो सांगतो तीन घटका जाळ द्या. तीन घटकंत करपतं, सायेब. म्या दोन घटका देते आन रातभर तसंच झाकून ठिवते.”

आनंदराव खाली वाकले आणि एक वडी उचलून उजेडात धरली. कडेने मोडली. मोड काचेसारखी स्वच्छ होती. त्यांच्या वडीची मोड इतकी स्वच्छ कधी आली नव्हती, आणि हे कळायला त्यांना जर्मन तराजूची गरज पडली नाही.

“रात्रभर झाकून,” ते म्हणाले.

“व्हय. गाळ आपसूक बसतो. वहीत लिवा की.”

त्यांनी खिशातून वही काढली खरी. मग हात थांबला. त्याच वहीत अर्जाचा कच्चा खर्डा होता, आणि त्यात एक वाक्य होते: ‘अर्जदारास असे आढळून आले की लोखंडी भांड्याचा स्पर्श टाळणे अत्यावश्यक आहे.’ ते वाक्य त्यांनी स्वतः लिहिले होते आणि त्यावर ते खूश होते.

“ठकुबाई, मी इथं पहिल्यांदा आलो तेव्हा काय घेऊन आलो होतो, आठवतं का?”

ठकुबाई हसल्या. शेजारच्या बायकाही हसल्या. म्हणजे ही गोष्ट वाडीत बऱ्याचदा सांगून झालेली होती. “आठवतं न्हाई तर! ही एवढी लोखंडाची कढई. म्या म्हनलं, लोखंडात हिरडा काळा पडतो, सायेबाला शाई करायचीया का काय? मग तुमास्नी मडकं दिलं न्हाई का म्या.”

“दिलं.”

“मग?”

आनंदराव काही वेळ वहीची पाने उलटत राहिले. मग त्यांनी पेटंट म्हणजे काय ते सांगायला घेतले. सरकार एक कागद देते, त्यावर ज्याचे नाव त्यालाच ती वस्तू करता येते, चौदा-सोळा वर्षे दुसऱ्या कुणी करायची नाही. वाडीतल्या बायकांना पेटंट शब्द ऐकून माहीत होता, बाटलीतल्या औषधांमुळे.

“आन तुमी त्यो कागूद घेनार?”

“घ्यावा म्हणतोय. माझी दोन वर्षं गेली त्यात.”

“घ्या की. आमी कशाला न्हाई म्हनू?” ठकुबाईंनी मडक्यातली पळी फिरवली. “नाव लिवा तुमचं. मोठ्या अक्षरात लिवा. पर मडकं अडवू नका.”

“कागद तसाच असतो, ठकुबाई. नाव लिहिलं की मडकं अडतं.”

“मग आधी सांगायचं व्हतं! म्या पाच मडकी इकत आनली नसती.” त्या खरोखरच रागावल्या. “दरबारानं पोरगं पाठवायचं, त्यानं छडी घिऊन शिकवायचं, आन मग तुमी येऊन म्हनायचं, करू नगासा? ही कसली रीत?”

कोंडिबाला राहवले नाही. “आन पगार कुठून येतो, सायेब? आमच्याच शेतसाऱ्यातून की.”

“कोंडिबा, तू पट्टेवाला आहेस का वकील?”

“पट्टा हितं काढून ठिवलाय,” कोंडिबा म्हणाला, आणि ते खरे होते. उकाड्याने त्याने पट्टा काढून सायकलला अडकवला होता.

निघताना ठकुबाईंनी पानात बांधून सात वड्या दिल्या आणि आपले काम सांगितले. नसरापुरातला व्यापारी म्हणतो, ह्यात काव, तांबडी माती कालवलीय, मी पोत्याचाच भाव देणार. तेव्हा साहेबांनी वड्या तपासून, ह्यात कस इतका आहे, भेसळ नाही, असा शिक्क्याचा दाखला द्यावा. आनंदराव म्हणाले, “देतो. आठ दिवसांत देतो.” असा शब्द त्यांच्या तोंडून सहजी जात नसे.

सोमवारी मुंबईचे गृहस्थ आले. कागद टंकलिखित, चांगल्या जाड कागदावर. नारायणने दौत पुढे ठेवली आणि दाराशी जाऊन उभा राहिला. आपल्या चुकीचे काय होते ते बघायची उत्सुकता होती, आणि बघवतही नव्हते. आनंदरावांनी कागद वाचला, उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले, बसले, पुन्हा उठले. गृहस्थांनी दोनदा घड्याळ पाहिले.

“काही शंका?”

“शंका नाही. खाली एक ओळ घालायची आहे.”

“कसली?”

“वेल्हे भागात ही रीत वापरात आहे, आणि भांड्याबद्दलची बाब तिथल्या ठकुबाईंकडून समजली.”

गृहस्थ मोकळेपणाने हसले. “पोतनीस, ही ओळ घातली तर कलकत्त्याहून अर्ज उलट टपाली परत येईल.”

“येईल.”

“मग घालता कशाला?”

“माझ्या माहितीप्रमाणे, असं तुम्हीच म्हणाला होता. माझी माहिती वाढली.”

“कुणाला कळणार आहे? एक म्हातारी, पाच मडकी.”

“वड्या माझ्यापेक्षा चांगल्या होतात तिच्या,” आनंदराव म्हणाले. हे सांगताना त्यांचा आवाज इतका चिडलेला होता की गृहस्थांना वाटले, आता हे सही करणार. त्यांनी टाक पुढे केला. आनंदरावांनी तो घेतला, दौतीत बुडवला, आणि ती ओळ कागदाच्या तळाशी लिहून खाली सही केली. ओळ अगदी वाईट अक्षरात आली. पण वाचता येत होती.

गृहस्थांनी कागद उचलला, फुंकर घालून वाळवला, घडी केली आणि खिशात ठेवला. तो पुढे कुठे गेला माहीत नाही. मोटार गेल्यावर धूळ खाली बसेपर्यंत आनंदराव पायरीवर उभे होते.

घरी शुभाताईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. “म्हणजे गिरगाव गेलं.”

“अजून कुठे आलं होतं?”

“माझ्याकडे आलं होतं,” शुभाताई म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी पानात भाकरी जरा जाडच पडली. आनंदराव जेवताना एकदाही उठले नाहीत, म्हणून मग शुभाताईच घाबरल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “जा की, बघून या तुमचं मडकं.”

तेव्हापासून सगळे सुरळीत झाले असे कुणी समजू नये. उद्योग खात्याच्या अंमलदारांनी विचारणा केली की संस्थानचे संभाव्य उत्पन्न कशामुळे बुडाले. त्याला आनंदरावांनी चार पानी उत्तर लिहिले, नारायणने ते नकलले, आणि या वेळी वेलबुट्टी काढली नाही. पुढच्या वर्षी रसायनशाळेची एक खोली कमी झाली. तिथे आता घोड्याचे जीन ठेवतात. आनंदराव उरलेल्या खोलीत येरझारा घालतात. पूर्वी सोळा पावले व्हायची, आता सात होतात, त्यामुळे वळावे फार लागते.

आणि ठकुबाईंचा दाखला. कस नीट मोजायचा तर अर्कातला तुरट अंश शोषून घेणारी, कातड्याची शुद्ध केलेली भुकटी लागते. ती या बाजूला विकते एकच कंपनी, मुंबईची, आणि ती कुठली हे सांगायला नको. आनंदरावांनी तीन पत्रे घातली. उत्तर नाही. घरच्या घरी भुकटी करून पाहिली, तर शुभाताईंनी त्यांना विहिरीवरच आंघोळ करायला लावली, आणि इतके करून आकडे दर वेळी वेगळे आले. अंदाजाने दाखला लिहून दिला असता तर व्यापारी गप्प बसला असता. नारायणने तसे सुचवलेही. आनंदरावांनी त्याच्याकडे असे पाहिले की नारायण पुन्हा निब पुसायला लागला.

दर मंगळवारी बाजार करून वाडीकडची माणसे परत जाताना कोंडिबाला हाक मारतात. कोंडिबा आत येतो आणि दारातच उभा राहतो.

“सायेब, म्हातारी इचारत्येय.”

“सांग, चाललंय.”

“मागल्या मंगळवारीबी तसंच सांगितलं.”

“मग याही मंगळवारी तेच सांग,” आनंदराव म्हणतात, आणि चौथ्या पत्राचा कागद पुढे ओढतात.